फुंकर पुरेनाशी होते तेव्हा

माझ्या मावशीचा आजार सगळ्यात आधी कळला तो फुंकणीला. परभणी जिल्ह्यातल्या तिच्या घरी चुलीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली एक लोखंडी नळी असते, सासूच्या वेळची. चाळीस वर्षं मावशीने त्या नळीतून फुंकर मारून चूल पेटवली. मग एका पावसाळ्यात चूल पेटेना. पऱ्हाट्या ओल्या असतील, गोवऱ्या दमट असतील, असं म्हणत दोन वर्षं गेली. शेजारची नववीतली पोर यायची आणि त्याच पऱ्हाट्या, त्याच गोवऱ्या दोन फुंकरांत पेटवून जायची. तेव्हाही आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

त्यानंतर जे झालं ते बहुतेक घरांत होतं. सकाळचा खोकला सुरू झाला. तो चुलीच्या धुराने, असं ठरलं (ते खरंच होतं, पण आम्ही तिथेच थांबलो). मग विहिरीवरून येताना दम लागू लागला. तो वयामुळे. मग थंडीत छाती भरायला लागली. गावातल्या दवाखान्यात सुई, सलाईन, खोकल्याची बाटली. दोनदा टीबीची तपासणी झाली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. कुणी म्हणालं दमा आहे, मृगाला हैदराबादला जाऊन मासा गिळून या. कुणी कोजागिरीच्या खिरीतलं औषध सुचवलं. ही सगळी वर्षं फुप्फुसं आपली झिजत होती आणि नेमकी एक साधी तपासणी कुणी केली नाही: तिला जोरात फुंकर मारायला लावायची आणि मोजायची.

ती झाली तेव्हा आजाराला नाव मिळालं, सीओपीडी. क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज. श्वासाच्या नळ्यांमध्ये कायमचा अडथळा आणणारा, हळूहळू वाढत जाणारा आजार. डॉक्टरांनी पद्धतीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "मावशी, बिडी ओढता का?" मावशी इतकी संतापली की तेवढ्यापुरता तिचा दमही गेला. "म्या कवा बिडी वढली?"

गडबड श्वास सोडण्यात आहे

दम लागतो म्हणजे हवा आत जात नाही, असं आपल्याला वाटतं. रुग्णालाही तसंच वाटतं, म्हणून तो तोंड उघडून आणखी हवा ओढायला बघतो. सीओपीडीत घोटाळा उलटा असतो. हवा बाहेर पडत नाही.

लोकलचा डबा डोळ्यांसमोर आणा. दादरला गाडी लागली. आतली माणसं उतरली तरच बाहेरची चढणार. आता समजा डब्याचं दार अर्धंच उघडतंय. उतरायला वेळ लागतो, तेवढ्यात गाडी सुटते. दहापैकी तीन माणसं आतच राहिली. पुढच्या स्टेशनावर आणखी दोन राहिली. डबा गच्च. फलाटावर माणसं उभी आहेत, दारही आहे, पण चढायला जागा नाही. सीओपीडीच्या रुग्णाची छाती अशी भरलेली असते, शिळ्या हवेने. ताजी हवा नाकाशी आहे आणि ठेवायला जागा नाही.

आता गाड्यांची घाई वाढवा. प्रत्येक स्टेशनावरचा थांबा निम्मा केला तर उतरणारे आणखीच अडकतील. जिना चढताना, बादली उचलताना, बसमागे पळताना आपला श्वास जलद होतो, म्हणजे श्वास सोडायला मिळणारा वेळ कमी होतो. म्हणून बसल्या जागी ठीक असलेला माणूस वीस पावलांत हवालदिल होतो. छाती फुगत जाते, छातीखालचा पडदा खाली दाबला जाऊन सपाट होतो आणि सपाट झालेल्या पडद्याला हवा ओढायची ताकद राहत नाही. जुन्या रुग्णांची छाती पिंपासारखी गोल दिसते ती यामुळे.

हे दार अर्धं का उघडतं? दोन कारणं, आणि बहुतेकांत दोन्ही थोडी थोडी असतात.

एक, नळ्या आतून सुजतात. वर्षानुवर्षं धूर लागला की नळीचं अस्तर जाड होतं, कफ जास्त बनतो आणि तो वर ढकलणारे बारीक केसासारखे तंतू निकामी होतात. सलग दोन वर्षं, दरवर्षी निदान तीन महिने बेडका पडणारा खोकला राहिला तर त्याला क्रॉनिक ब्राँकायटिस म्हणतात.

दुसरं कारण फारसं कुणी समजावून सांगत नाही. फुप्फुसात हवेचे ३० ते ५० कोटी बारीक फुगे असतात, वायुकोश. त्यांच्या भिंती उलगडून जमिनीवर पसरल्या तर साधारण ७० चौरस मीटर जागा लागेल, बॅडमिंटनच्या कोर्टाहून थोडीच कमी. रक्तात प्राणवायू जातो तो या भिंतींमधून. पण या भिंती आणखी एक काम करतात. फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्यांना स्वतःचा कणा नसतो. मांडवाचं कापड जसं चहूबाजूंच्या दोरांनी ताणून धरलेलं असतं, तशा त्या नळ्या आजूबाजूच्या वायुकोशांच्या लवचीक भिंतींनी ताणून उघड्या धरलेल्या असतात. धुरामुळे या भिंती विरतात, फाटतात, चार फुग्यांचा एक ढिला फुगा होतो. याला एम्फिसीमा म्हणतात. दोर तुटले की मांडव बसतो. माणूस जोर लावून श्वास सोडायला जातो आणि त्या जोरानेच नळी मिटते. जितका जोर, तितकी अडचण.

सूज औषधाने उतरवता येते. कफ काढता येतो. विरलेल्या भिंती पुन्हा बांधणारं औषध आज तरी नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण "मुळापासून बरा करतो" असं सांगणारे खूप भेटतात आणि त्यांच्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. चार दिवस जादू झाल्यासारखं वाटतं, पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो.

बिडी न ओढणाऱ्यांचा आजार

पाश्चात्त्य पुस्तकांत सीओपीडी म्हटलं की सिगारेट ओढणारा म्हातारा दाखवतात. आपल्याकडे ते चित्र अर्धंच आहे. भारतात २०१६ साली सुमारे ५.५ कोटी लोकांना हा आजार होता. १९९० मध्ये हाच आकडा २.८ कोटी होता. या आजाराने देशाची जी निरोगी वर्षं वाया जातात, त्यातली सुमारे ५४ टक्के हवेच्या प्रदूषणापोटी (घरातला धूर यातच धरलेला आहे) आणि सुमारे २५ टक्के तंबाखूपोटी, असा त्याच वर्षाचा हिशेब आहे. म्हणजे आपल्याकडे प्रदूषणाचं पारडं तंबाखूच्या दुप्पट जड.

तंबाखू निर्दोष आहे असं यातून कुणी काढू नये. उलट बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज तर पार उलटा आहे. बिडीत तंबाखू कमी असते, पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. ती विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा आणि जोरात झुरके घ्यावे लागतात, धूर खोलवर जातो.

चुलीचं गणित वेगळं आहे. तिथे झुरका मोजता येत नाही. मावशी रोज सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार तास चुलीपुढे बसायची. खोलीला खिडकी नाही, पत्र्याला काजळीचा थर. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या यांत गोवऱ्यांचा धूर सगळ्यात वाईट. त्यात तव्यावर मशेरी भाजायची तो धूर आणखी. शिवाय मशेरी भाजताना तंबाखूचाच धूर छातीत जातो, तेव्हा "मी तंबाखू ओढत नाही" हे तिचं म्हणणंही पुरतं खरं नव्हतं. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही.

आणि चुलीपुढे ती एकटी कधीच नसायची. मांडीवर नाहीतर शेजारच्या झोळीत पोर असायचं. फुप्फुसं विशी-पंचविशीपर्यंत वाढत असतात. जन्मतः वजन कमी, लहानपणी न्यूमोनिया, त्यात रोजचा धूर असं झालं तर ती पूर्ण वाढीला पोचतच नाहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की सीओपीडी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांची फुप्फुसं झपाट्याने झिजली नव्हती. त्यांची मुळात सुरुवातच तोकडी होती. उतरायला लागली तेव्हा ती आधीच खालच्या पायरीवर उभी होती.

बाकीची कारणं पटकन सांगतो. खडी क्रशर, कापसाची जिनिंग, धान्याची धूळ, वेल्डिंग. जुना टीबी: बरा झाला तरी नळ्यांवर व्रण ठेवून जातो. क्वचित जन्मजात एका प्रथिनाची कमतरता असते, अल्फा-वन अँटिट्रिप्सिन. ती १९६३ साली स्वीडनमध्ये सापडली, आपल्याकडे दुर्मीळच. आणि रात्री बंद खोलीत जळणारी डासांची कॉइल. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, हे २००३ साली मोजलेलं आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये चूल नसते, पण कॉइल, धूप, ऊद हे सगळं दारं-खिडक्या लावून चालतं.

सहा सेकंद फुंका

दमा की सीओपीडी, हा घोळ कायम होतो, कारण मराठीत दोन्हींना आपण दमाच म्हणतो. ढोबळ फरक असा: दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो-जातो, मधल्या काळात माणूस अगदी चांगला असतो. सीओपीडी चाळिशीनंतर दबक्या पावलांनी येतो, दरवर्षी थोडा वाढतो, पूर्ण उतरत कधीच नाही. काहींना दोन्ही असतात. अंदाजाने ठरवायची गरजच नाही, कारण स्पायरोमेट्री आहे. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४६ साली या यंत्राचं काम प्रसिद्ध केलं. पावणेदोनशे वर्षं जुनी तपासणी आहे, तरी तालुक्याच्या गावात ईसीजी सहज निघतो आणि ही होत नाही.

मावशीची तपासणी मी बघितली आहे. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. समोरचा मुलगा शर्यतीत ओरडतात तसा ओरडत होता, "घ्या घ्या घ्या, आता जोरात! फुंका, फुंका, फुंका, सोडू नका!" मावशीला पहिल्यांदा हसू फुटलं, ती खेप वाया गेली. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा जमलं. मग पंपाचं (श्वासातून ओढायच्या इन्हेलरचं) औषध दिलं, वीस मिनिटं बाहेर बसवलं आणि पुन्हा सगळं केलं.

यात दोन आकडे महत्त्वाचे. छाती पूर्ण भरून जोरात सोडल्यावर एकूण किती हवा निघाली, आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती निघाली. निरोगी माणूस पहिल्या सेकंदातच ७० ते ८० टक्के हवा बाहेर टाकतो. औषध दिल्यानंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिलं, तर नळ्यांत कायमचा अडथळा आहे. मावशीची एकूण हवा १.६ लिटर आली, पहिल्या सेकंदातली ०.८२. म्हणजे ५१ टक्के. औषधाआधी ती ०.७९ होती, औषधाने जेमतेम ३० मिलिलिटर वाढली. दम्यात हा आकडा चांगला वर उडी मारतो.

रिपोर्टवर "अपेक्षेच्या ४८ टक्के" असंही लिहिलेलं असतं. तिचं वय, उंची आणि बाई असणं धरून पहिल्या सेकंदात जेवढी हवा निघायला हवी, त्याच्या ४८ टक्के. ८० च्या वर सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ गंभीर, ३० च्या खाली अतिगंभीर. हा आकडा बघून लोक घाबरतात. मला त्यापेक्षा एक साधा प्रश्न जास्त उपयोगी वाटतो: सपाट रस्त्यावर किती चालल्यावर थांबावं लागतं? मावशी विजेचे खांब मोजायची. दोन खांब झाले की तिसऱ्याला टेकायची.

धूर आधी, औषध नंतर

१९७७ मध्ये फ्लेचर आणि पेटो या दोघांनी लंडनमधल्या कामगारांची फुप्फुसं आठ वर्षं मोजून एक आलेख काढला. आजही छातीचे डॉक्टर तो कागदावर काढून दाखवतात. वयाबरोबर फुप्फुसं सगळ्यांचीच उतरतात, पण हळू. धूर घेणाऱ्यांपैकी ज्यांना तो सोसत नाही, त्यांची दुप्पट वेगाने उतरतात. धूर थांबवला की गेलेलं परत येत नाही, पण उतरण्याचा वेग पुन्हा इतरांसारखा होतो. पन्नाशीत थांबलात तरी फायदा आहे, साठीतही आहे. फुप्फुसांची झीज मंदावण्यात याच्या तोडीचं एकही औषध नाही.

बिडी-सिगारेटसाठी निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्या, समुपदेशन सगळं आहे, ते घ्यावं. नुसत्या निर्धाराने सुटणारे थोडे असतात. चुलीचं मात्र "सोडा" म्हणून सुटत नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, मावशीकडेही सिलिंडर आला आणि पाहुण्यांच्या चहासाठी राखून ठेवला गेला. टाकी संपली की पुन्हा भरायला पैसे लागतात, पऱ्हाट्या शेतात फुकट. शिवाय गॅसवरच्या भाकरीला चव नाही, हा मुद्दा आमच्याकडे कुठल्याही डॉक्टरपेक्षा वजनदार आहे. शेवटी तडजोड झाली ती अशी: भाकरी-कालवण गॅसवर, अंघोळीच्या पाण्याची चूल अंगणात, आणि ती पेटवायची सुनेने नाही, मुलाने. मुलगा पहिले चार दिवस खोकला, मग त्यानेच कुठून तरी पाण्याचा हीटर आणला.

पंपाची भीती

"एकदा पंप लागला की सुटत नाही." हे वाक्य मी डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये इतक्यांदा ऐकलंय. हिशेब करून बघा. नळ्या सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची येते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या भागाइतकं. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट नळीत जातो. सवय लागायचीच म्हटली तर गोळीची आधी लागावी.

पंप रोज घ्यावा लागतो तो आजार कायमचा आहे म्हणून. चष्मा लागला म्हणून डोळे बिघडले, असं आपण म्हणत नाही.

दोन तऱ्हेचे पंप असतात. एक तात्पुरता आराम देणारा, बहुधा निळ्या रंगाचा. दम वाढला तेव्हा घ्यायचा. दुसरा रोजचा, बारा किंवा चोवीस तास नळ्या सैल ठेवणारा. गंमत म्हणजे रोजच्या पंपाने लगेच काही जाणवत नाही, म्हणून लोक तोच बंद करतात आणि निळ्यावर दिवस काढतात. स्टेरॉइडचा पंप सगळ्यांना लागत नाही. वारंवार जोर होणारे (म्हणजे आजार एकदम उसळणारे), रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त असणारे, दमाही असणारे अशांना तो फायद्याचा, इतरांना न्यूमोनियाचा धोका वाढवणारा. तो दिला असेल तर प्रत्येक वेळी गुळण्या करून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

आणि पंप कसा घ्यायचा हे डॉक्टरांसमोर करून दाखवा. समजावून घेऊन येणं पुरत नाही. मावशीला कॅप्सूल फोडून पावडर ओढायचं यंत्र दिलं होतं. महिन्याभराने फरक नाही म्हणून विचारलं, तर ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होती. "गोळी हाय नव्हं?" यंत्र डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, नवं कोरं. ही चूक तिची एकटीची नाही. ही हकीगत सांगितली की समोरच्याला आपल्या घरातलं कुणीतरी आठवतंच.

पावडरचं यंत्र आणि गॅसचा पंप यांची तऱ्हा एकमेकींच्या उलट आहे, तिथेच बहुतेक फसतात. पावडर जोरात आणि झटक्यात ओढायची. गॅसच्या पंपाचं औषध सावकाश, खोल ओढायचं, दाबणं आणि ओढणं एकाच वेळी. दोन्हींत आधी श्वास पूर्ण सोडायचा आणि नंतर दहा सेकंद रोखायचा. दाबणं-ओढणं जुळत नसेल, आणि साठीपुढे बहुतेकांचं जुळत नाही, तर मध्ये स्पेसर लावा, तो प्लास्टिकचा लांबट डबा. औषध घशाला चिकटायचं कमी होतं.

चालणं आणि चहाची बशी

दम लागतो म्हणून माणूस बसतो. बसल्याने मांड्या-पोटऱ्या वाळतात. वाळलेल्या पायांना तेवढंच चालायला जास्त प्राणवायू लागतो, म्हणून दम आणखी लवकर लागतो, म्हणून तो आणखी बसतो. घरचेही मायेने म्हणतात, "तू उठू नको, आम्ही देतो." मावशीचे सहा महिने असेच गेले.

पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणजे हे चक्र उलटं फिरवायचं. सहा ते आठ आठवडे, देखरेखीखाली चालणं, खुर्चीतून उठ-बस, हाताला छोटी वजनं, श्वासाची तंत्रं. फुप्फुसांचा आकडा याने हलत नाही, पाय सुधारतात; आणि दम कमी करण्यात हे पंपांच्या मागे नाही, उलट पुष्कळदा पुढे असतं. मोठ्या शहरांबाहेर अशी केंद्रं मिळणं कठीण, पण एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलं तर बरंचसं घरी होतं. थोडा दम लागेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. तेवढा दम घातक नसतो, हे पटायलाच महिना जातो. चालताना छातीत दुखलं किंवा गरगरलं तर मात्र तिथेच थांबून डॉक्टरांना सांगायचं.

श्वासाचं तंत्र मावशीला शिकवायला वेळच लागला नाही, कारण ते तिला येतच होतं. बशीतल्या गरम चहावर आपण कशी फुंकर घालतो? ओठ शिट्टीसारखे, हवा हळू, चहा सांडू न देता. तसं. नाकाने दोन आकडे म्हणेपर्यंत आत, ओठांतून चार आकडे म्हणेपर्यंत बाहेर. ओठ अर्धे मिटल्याने हवेला मागून थोडा दाब राहतो आणि त्या दाबाने आतल्या लुळ्या नळ्या मिटत नाहीत. लोकलला थांबा जास्त मिळतो, माणसं उतरतात. दम अनावर झाला की बसून, पुढे वाकून, कोपरं मांड्यांवर टेकायची आणि हीच फुंकर घालत राहायचं. हंडा उचलायचा तो श्वास सोडता सोडता. अंघोळ स्टुलावर बसून. जेवण थोडं थोडं, चार-पाच वेळा, कारण भरलेलं पोट त्या आधीच दबलेल्या पडद्याला खालून रेटतं. अंडी, डाळ, शेंगदाणे वाढवायचे. या आजारात श्वास घेण्याचीच इतकी मेहनत होते की माणूस वाळत जातो, आणि वाळलेल्यांचं पुढे जास्त कठीण होतं.

लसी: फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. यात विचार करत बसण्यासारखं काही नाही, घ्यावी.

प्राणवायू

कोविडने घराघरात ऑक्सिमीटर आणला आणि ९४-९५ हा आकडा डोक्यात पक्का केला. सीओपीडीच्या घरात तो आकडा घोळ घालतो. गंभीर सीओपीडीच्या काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. त्यांना जास्त प्राणवायू दिला तर तो आणखी साठतो, माणूस पेंगतो, बरळतो, बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णांना जोर झाल्यावर प्राणवायूची पातळी ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात अँब्युलन्समधल्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये आला: भरमसाट प्राणवायू दिलेल्यांपेक्षा मोजून दिलेल्यांमध्ये मृत्यू निम्म्याहून कमी झाले. ९० दिसलं म्हणून रात्री दोन वाजता कॉन्सन्ट्रेटरचं (घरी प्राणवायू देणाऱ्या यंत्राचं) बटण फिरवणारा मायाळू मुलगा नकळत घात करू शकतो.

घरी प्राणवायू कुणाला लागतो? स्वस्थ बसलेलं असताना, औषधं व्यवस्थित चालू असताना ज्यांची पातळी ८८ किंवा त्याखाली राहते, त्यांना. त्यांनी दिवसातले निदान १५ तास लावला तर आयुष्य वाढतं, हे १९८०-८१ सालच्या दोन अभ्यासांपासून माहीत आहे. दम लागला की अर्धा तास लावून काढून ठेवण्याने तो फायदा मिळत नाही. नळी लावली असताना देवासमोरची समई, उदबत्ती, गॅसची शेगडी यांपासून लांब. आरतीचं ताट तोंडापुढे घेणंसुद्धा नको.

जोर होतो तेव्हा

रोजच्यापेक्षा दम वाढला, बेडका वाढला, त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, यातलं काही दोन दिवस दिसलं तर वाट बघायची नाही. प्रत्येक मोठा जोर फुप्फुसाचा एक तुकडा घेऊन जातो आणि पुढच्या जोराची वाट सोपी करतो. डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या: जोर झाला तर कोणता पंप किती वेळा, कोणत्या गोळ्या किती दिवस, आणि कधी निघायचं. स्टेरॉइडच्या गोळ्या बहुतेकदा पाच दिवस पुरतात. उरलेल्या पुढच्या वेळी आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत.

वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर झाली, माणूस विचित्र पेंगतोय, पावलांना नवी सूज आली: सरळ रुग्णालय.

महाराष्ट्रात जोर बहुधा दिवाळीच्या आगेमागे होतो. थंडी उतरते, धूर जमिनीलगत बसतो, वर फटाके. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मुलांच्या आवडीच्या सहा फटाक्यांचा धूर मोजला होता, त्यात सगळ्यात जास्त सूक्ष्म कण सोडले ते आवाजही न करणाऱ्या नागगोळीने. आपण ती "काही होत नाही" म्हणून दोन वर्षांच्या पोराच्या हाताशी देतो आणि आजी शेजारी कौतुकाने बघत बसते. जागतिक सीओपीडी दिन नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी येतो, बहुधा फटाक्यांचा कचरा नुकताच झाडून झालेला असतो तेव्हा.

मावशीची गेल्या हिवाळ्यात पुन्हा स्पायरोमेट्री झाली. ०.८२ ची ०.८० झाली होती. मी रिपोर्ट उलटसुलट बघत बसलो. तिने विचारलं, "कमी हाय का जास्त?" थोडी कमी, म्हटलं. ती म्हणाली, "आन् मी तर आता सहाव्या खांबाला टेकती." मग तिने बशीत चहा ओतला आणि त्यावर सावकाश, चार आकडे होईपर्यंत, फुंकर घातली.